आत्याचे कोड आणि तोरातील नियम

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या पुरवणीतील विलगीकरणावरच्या लेखात, तोरातील, म्हणजे ज्यूंच्या मूळ धर्मग्रंथातील, त्साराअतचे (त्वचेवर किंवा भिंतीवर दिसणाऱ्या, अशुद्ध मानलेल्या चट्ट्यांचे) नियम म्हणजे साथ रोखण्याचा सर्वांत जुना उपाय, असे ठामपणे लिहिले आहे. मी ठाण्यातील बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, कुटुंबातील आहे. ते वाक्य मला फार लागले, कारण याच समजुतीपायी माझ्या आत्याचा झालेला अपमान मी लहानपणी पाहिला आहे.

आत्याच्या हातांवर कोड होते. घरी संदेष्टा एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा, म्हणजे आमचा नैवेद्याचा विधी, होता. गोड पोहे, खोबरे आणि फळांचे ताट तिनेच मांडले होते. एका वडीलधाऱ्या नातेवाइकांनी तोरातील लेवीय या पुस्तकाच्या 13व्या अध्यायाचा दाखला देऊन ते ताट उचलायला लावले आणि दुसऱ्या बाईकडून नवे भरून घेतले. आत्याने काही न बोलता हात पदराखाली घेतले आणि पुढे कधीच मलिद्याच्या ताटाला हात लावला नाही.

चट्टा अशुद्ध आहे का, हा निर्णय देण्याचा अधिकार फक्त कोहेनचा, म्हणजे वंशपरंपरागत याजकाचा, होता, आणि आमचे ते नातेवाईक कोहेन नव्हते. कोहेनने 'अशुद्ध' हा शब्द उच्चारेपर्यंत माणूस शुद्धच मानला जाई. त्याच अध्यायात म्हटले आहे की, चट्टा पसरून सर्वांग पांढरे झाले तर तो माणूस शुद्ध ठरतो. मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या प्राचीन नियमसंग्रहात, नवरदेवाला लग्नाचे 7 दिवस आणि सणाच्या काळात सर्वांनाच तपासणीतून मोकळीक दिली आहे, तर घराच्या भिंतीवर डाग दिसल्यास मातीची भांडीसुद्धा अशुद्ध ठरून वाया जाऊ नयेत म्हणून कोहेन आत येण्यापूर्वीच सामान बाहेर काढण्याची मुभा आहे. साथीला घाबरणारा कोणी असे नियम करील का?

छावणीबाहेर एकटे राहणे, फाटक्या कपड्यांत 'अशुद्ध, अशुद्ध' असे ओरडणे कठोरच होते, हे मी नाकारत नाही. परंतु त्साराअत झालेल्या मिर्यामला, म्हणजे मोशेच्या बहिणीला, 7 दिवस बाहेर ठेवले तेव्हा ती परत येईपर्यंत लोकांनी मुक्काम हलवला नाही, आणि बऱ्या झालेल्या माणसाला पाहण्यासाठी कोहेन स्वतः छावणीबाहेर जात असे. लेखात याचा एका शब्दानेही उल्लेख नाही.

लेखासोबतचे घंटा वाजवणाऱ्या रोग्याचे चित्रही मध्ययुगीन युरोपातील प्रथेचे आहे. तोरातील या नियमांत घंटा कोठेच नाही. त्साराअतला 'महारोग' म्हटल्याने कोड असलेल्यांवर आणि कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्यांवर, दोघांवरही अन्याय होतो. याचा खुलासा त्याच पुरवणीत छापावा, ही विनंती.

आपली,
एक वाचक, ठाणे