फोटो छान, पण कपडा कशाचा तेही छापा की

संपादक महोदय,

सुट्ट्या जवळ आल्या की पुरवणीत 'गरम ठिकाणी फिरायला जाताना काय घालाल' छापाचा लेख येतोच येतो आणि मी तो दरवेळी वाचतेही, पण त्यात रंग असतो, ट्रेंड असतो, टोपी धरून हसणारी मॉडेल असते, फक्त कपडा कशाचा आहे तेवढंच नसतं. आणि उकाड्यात तर सगळं त्याच्यावरच अवलंबून असतं हो! फोटोत झुळझुळीत दिसणारा शर्ट पॉलिस्टरचा निघाला की अर्ध्या तासात पाठीला चिकटतो, मग त्याचा रंग यंदा चालतोय की गेल्या वर्षीचा आहे, कोण बघतंय.

साधं पॉलिस्टर ओलावा जवळजवळ धरतच नाही, नेहमीच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा नाही. कॉटन साधारण 8 टक्के धरतं, लिनन 12 च्या आसपास. म्हणून लिननचं एवढं कौतुक, शिवाय ते लवकर वाळतं. आता ते चुरगळतं हे खरंय, त्या धाग्यात लवचिकपणाच कमी असतो त्याला कोण काय करणार, पण सुट्टीत इस्त्री शोधत फिरण्यापेक्षा सुरकुत्यांसकट मजेत फिरावं असं माझं स्पष्ट मत आहे. ज्यांना ते अजिबात बघवत नाही त्यांनी बारीक फुगीर रेघांचं सीअरसकर घ्यावं, त्याला इस्त्री लागत नाही आणि त्या फुगीरपणामुळे कापड अंगापासून जरा सुटं राहतं, हवा खेळते. रेयॉन मऊ असतं, अंगावर सुंदर पडतं, पण ओलं झालं की कमजोर होतं, तेव्हा हॉटेलच्या बेसिनमध्ये धुऊन करकचून पिळू नका. आणि सगळं पॉलिस्टर वाईट असंही नाही, खेळाच्या कपड्यांसाठी खास विणलेलं असतं त्यात घाम पसरतो आणि लगेच वाळतो, डोंगर चढायचा असेल तर तेच बरं. उलट कॉटन एकदा भिजलं की बराच वेळ ओलंच राहतं, जाड जीन्स तर विचारूच नका.

दुसरं म्हणजे पांढरंच घाला, काळं नको हा सल्ला. घट्ट कपड्यात तो बरोबर आहे. पण 1980 साली 'नेचर' या विज्ञानाच्या नियतकालिकात वाळवंटातल्या बेदुइन लोकांच्या काळ्या झग्यांवर अभ्यास आला होता, त्यात दिसलं की काळा झगा स्वतः जास्त तापतो पण त्वचेपर्यंत पोचणारी उष्णता पांढऱ्या झग्याइतकीच असते, कारण झगा सैल असतो आणि मधल्या हवेतून जादाची गरमी निघून जाते. म्हणजे रंगापेक्षा सैलपणा बघा. त्यात पातळ पांढरा टी-शर्ट उन्हापासून वाचवतो हा पण गैरसमजच, त्याचा यूपीएफ (म्हणजे कपडा उन्हातले अतिनील किरण किती अडवतो त्याचा आकडा) जेमतेम 5 ते 7 असतो, ओला झाला की अजून कमी. यूपीएफ 50 म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा भागच आत येतो, हा फरक केवढा मोठा आहे! घट्ट विणीचा, गडद रंगाचा, सैल, पूर्ण बाह्यांचा शर्ट घेतला तर दुपारचं ऊन, एसीचा गारठा आणि पोहून आल्यावर वर टाकायला, तिन्हीला तोच पुरतो.

दमट हवेत मात्र घाम वाळतच नाही, तिथे कपडे जितके कमी आणि हवेशीर तितकं बरं. कोरड्या वाळवंटी भागात रात्री चक्क थंडी वाजते, तिथे एक जाडसर थर लागतोच. तुमच्या लेखात दोन्ही ठिकाणांना एकच यादी असते.

बॅगेचं गणित सोपं आहे, चार टॉप आणि तीन पॅंट-स्कर्ट, प्रत्येक टॉप प्रत्येक पॅंटवर जायला हवा, झाले बारा जोड, एक जरी चुकार फुलाफुलांचा तुकडा घुसला की गणित बिघडलं. फिकट राखाडी टी-शर्ट घरीच ठेवा, घामाचे डाग त्याच्याइतके कशावरच दिसत नाहीत, नेव्ही आणि पांढऱ्यावर फारसे कळत नाहीत. रात्री धुतलेला शर्ट कोरड्या टॉवेलमध्ये गुंडाळून दाबला आणि मग टांगला की सकाळपर्यंत बहुतेक वाळतो (फार दमट हवा असेल तर नाही). सॅंडल नवी कोरी नेऊ नका, एवढं सगळ्यांना माहीत असतं तरी नेतात.

एका गोष्टीबद्दल मात्र तुमच्याकडे कोणी अवाक्षर काढत नाही, ती म्हणजे मांड्या घासणं. फ्रॉक घालून दिवसभर चाललं की आतून सालटी निघतात, चालवत नाही, हे निम्म्या वाचकांना ठाऊक असणार, पुरुषांनाही होतं बरं का, पण लेखातल्या बाईला कधीच होत नाही. आत पातळ सायकलिंग शॉर्ट घातली की प्रश्न मिटतो. एवढं एक वाक्य छापायला काय हरकत आहे? आणि हो, पुरुषांसाठी या लेखांत शॉर्ट आणि गॉगल यापलीकडे काहीच नसतं, त्यांना काय घाम येत नाही?

तर विनंती एवढीच की पुढच्या पुरवणीत प्रत्येक फोटोखाली कपडा कशाचा, किती टक्के काय, अस्तर आहे का, खिसे आहेत का तेवढं छापा. अस्तर तर नक्कीच, कारण वरून कॉटन आणि आतून पॉलिस्टर हा प्रकार सर्रास चालतो आणि तो कपडा अंगावर चढवेपर्यंत कळत नाही. आणि जमलं तर मॉडेलला तासभर खुर्चीत बसवून मग तिचा फोटो काढा, लिननची पॅंट खरी कशी दिसते ते आम्हाला आधीच कळेल.

आपली,
एक नियमित वाचक