प्रोग्राम कोअरला बांधताना

महोदय,

संगणक रेंगाळला की ‘तो प्रोग्राम एका कोअरला बांधून टाका’, म्हणजे प्रोसेसरमधल्या एकाच स्वतंत्र गणन-एककावर चालवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. तो सरसकट पाळू नये, यासाठी हे पत्र.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजरच्या ‘डिटेल्स’ टॅबवर प्रोग्रामच्या नावावर राइट क्लिक करून ‘सेट अफिनिटी’ निवडले की प्रोसेसरची यादी उघडते. नको त्यांच्या खुणा काढायच्या. मात्र प्रोग्राम बंद होताच ही निवड जाते. दर वेळी हवी असेल तर ‘स्टार्ट’ कमांडला ‘अफिनिटी’ जोडून हेक्साडेसिमल (सोळाच्या पायाचा, १० ते १५ साठी ‘ए’ ते ‘एफ’ अक्षरे वापरणारा) आकडा द्यावा लागतो, आणि घोळ नेमका इथेच होतो. यादीतल्या प्रोसेसरचे क्रमांक शून्यापासून मोजतात. त्यांची किंमत १, २, ४, ८ अशी दुप्पट होत जाते. क्रमांक २ आणि ३ हवे असतील तर ४ अधिक ८ म्हणजे १२, हेक्समध्ये ‘सी’. भाबडेपणाने ‘२३’ लिहिले तर हेक्समध्ये ते ३५, म्हणजे १ अधिक २ अधिक ३२ होते, आणि क्रमांक ०, १ आणि ५ पदरात पडतात! लिनक्सच्या ‘टास्कसेट’ कमांडमध्ये ‘-c’ या पर्यायाने थेट क्रमांक देता येतात, ते कितीतरी सोयीचे.

हायपरथ्रेडिंग (एकच कोअर दोन प्रोसेसर म्हणून दाखवणारी सोय) असेल तर यादीतले दोन क्रमांक एकाच कोअरचे असू शकतात. दोन जड प्रोग्राम त्यांवर बसवले तर ते एकमेकांचाच वेग खातात. शिवाय बांधणे म्हणजे राखून ठेवणे नव्हे: इतर प्रोग्राम त्या कोअरवर येतच राहतात, आपला मात्र शेजारचा कोअर रिकामा असूनही तिथेच ताटकळतो. म्हणून आधी आणि नंतर वेळ मोजावा. फरक दिसला नाही तर सगळ्या खुणा परत लावाव्यात.

– एक वाचक