पर्यायी सुटे भाग बसविण्याबाबत पद्मिनीधारक सभासदांना सूचना

सर्व सभासदांस कळविण्यात येते की, प्रीमियर पद्मिनी या मोटारीचे उत्पादन थांबून दोन दशकांहून अधिक काळ लोटल्याने मूळ कंपनीचे सुटे भाग आता क्वचितच मिळतात आणि बहुतेकांना बाजारातील पर्यायी भागांवरच भिस्त ठेवावी लागते. त्यास हरकत नाही. मात्र ब्रेक आणि पेट्रोलची लाइन या दोन बाबतींत स्वस्ताईच्या मागे लागू नये.

व्हील सिलिंडरचे (ब्रेक दाबताच ऑइलच्या दाबाने चाकाचा ब्रेक लावणाऱ्या भागाचे) नवे रबरी कप जुन्या कपांशेजारी ठेवून त्यांचा व्यास व कडेची जाडी पडताळावी आणि बसविताना ते केवळ ब्रेक ऑइलनेच ओले करावेत. इंजिन ऑइलचा किंवा साध्या ग्रीसचा हात लागला, तरी हे रबर फुगते, कप सिलिंडरमध्ये अडकतो आणि ब्रेक सुटत नाही. पेट्रोलमध्ये हल्ली २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते व ते जुन्या प्रकारच्या रबराला मानवत नाही. म्हणून पेट्रोलच्या नळ्या आणि गाडीतील पेट्रोल पंपाचा रबरी पडदा (डायफ्रॅम) घेताना ते इथेनॉलला टिकणारे आहेत का, हे दुकानदारास स्पष्ट विचारावे. ‘चालेल साहेब’ एवढ्यावर समाधान मानू नये.

५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करावयाची असल्यास चॅसी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा, अशी २०२१ च्या केंद्रीय नियमांची अट आहे.

काढलेला मूळ भाग मोडका असला, तरी भंगारात देऊ नये. तसाच भाग नव्याने घडवून घेताना लेथवाल्यास तोच नमुना म्हणून द्यावा लागतो.