क्षयरोगाच्या बातमीत न आलेले संशोधन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जागतिक क्षयरोग दिनानिमित्त आपल्या दैनिकाच्या नागपूर आवृत्तीत औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाविषयी सविस्तर वृत्त वाचले. उपचार मध्येच सोडू नयेत, हे त्यात ठासून सांगितले आहे आणि ते योग्यच आहे. मात्र ही औषधे जंतूवर नेमका कुठे घाव घालतात आणि ते कोणत्या संशोधनामुळे कळले, याविषयी एक ओळही नव्हती. या शहरातील महाविद्यालयात अनेक वर्षे सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलेल्या मला ही उणीव फार जाणवली.

जिवाणूच्या पेशीत डीएनएवरील मजकुराची प्रत आरएनएच्या रूपाने निघते आणि ती वाचत रायबोसोम हे पेशीतील सूक्ष्म यंत्र एकेक अमिनो आम्ल जोडून प्रथिन तयार करतो. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिन हे औषध आरएनए तयार करणाऱ्या विकरालाच अडवते, तर स्ट्रेप्टोमायसिन हे दुसरे औषध रायबोसोमच्या लहान भागावर बसून त्याला वाचनात चुका करायला लावते. प्रात्यक्षिकाच्या तासाला आम्ही जिवाणू पसरलेल्या पेट्री बशीवर स्ट्रेप्टोमायसिनची कागदी चकती ठेवत असू. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती स्वच्छ कडे दिसे. विद्यार्थी ते मोजपट्टीने मोजून वहीत आकडा लिहीत. कधी त्या कड्याच्या आतही टाचणीच्या डोक्याएवढी एखादी वसाहत उगवलेली असे. बहुधा तिच्यातील जिवाणूंच्या रायबोसोमचे एखादे प्रथिन किंचित बदललेले असते, आणि तेवढ्याने औषध निकामी होते.

क्षयरोगाच्या निदानात हेच ज्ञान आज रोज वापरले जाते. सरकारी केंद्रांत थुंकीची सीबीनॅट, म्हणजे यंत्राने जंतूचे जनुक शोधणारी, तपासणी होते आणि सुमारे दोन तासांत क्षयरोग आहे की नाही, शिवाय रिफॅम्पिसिन लागू पडेल की नाही, हे कळते. रिफॅम्पिसिनला प्रतिकार देणारे बहुतेक बदल आरएनए बनवणाऱ्या विकराच्या जनुकातील अवघ्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यात सापडतात. हे आधी कोणी चिकाटीने शोधून काढले नसते, तर यंत्राने काय तपासायचे हेच ठरवता आले नसते.

असे मूलभूत काम आपल्या देशातही झाले आहे आणि त्याचा गवगवा होत नाही, याची मला खंत वाटते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उमेश वार्ष्णेय यांनी जिवाणू प्रथिनाची सुरुवात कशी करतो, या एका प्रश्नाचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. जिवाणूत मेथिओनिन हे अमिनो आम्ल वाहून आणणारे टी-आरएनए दोन प्रकारचे असतात, एक फक्त प्रारंभासाठी आणि दुसरा साखळीतील पुढच्या जागांसाठी. दोघेही एकच संकेत ओळखतात, तरी रायबोसोम प्रारंभाला नेमका पहिलाच निवडतो. या पहिल्याच्या देठासारख्या भागात ग्वानिन आणि सायटोसिन या आरएनएच्या अक्षरांच्या लागोपाठ तीन जोड्या असतात. त्या बदलल्या तर काय बिघडते, आणि पेशीत आणखी कोणते बदल झाले की जिवाणू त्यांच्याविनाही निभावून नेतो, हे त्यांच्या प्रयोगशाळेने आतड्यात आढळणाऱ्या ई. कोलाय या जिवाणूत तपासले. २००१ मध्ये वार्ष्णेय यांना विज्ञानासाठीचा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार मिळाला. ‘याचा उपयोग काय?’ असे अशा कामाबद्दल सर्रास विचारले जाते, परंतु निरेनबर्ग आणि मथाई या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये ई. कोलायच्या अर्कात नुसत्या युरॅसिल या आरएनएच्या अक्षराची साखळी घालून जनुकीय संकेताचा पहिला शब्द उलगडला, तेव्हाही त्याचे तात्काळ उत्तर कोणी देऊ शकले नसते.

जानेवारी २०२३ मध्ये नागपूर विद्यापीठात भारतीय विज्ञान काँग्रेस भरली, तेव्हा विज्ञानाच्या बातम्यांना भरपूर जागा मिळाली होती. ती जागा एरवीही मिळावी. आपल्या प्रतिनिधीने सीबीनॅट चालवणाऱ्या तंत्रज्ञांशी बोलावे, विद्यापीठाच्या सूक्ष्मजीवशास्त्र आणि जैवरसायनशास्त्र विभागांत जावे आणि रिफॅम्पिसिनच्या एका गोळीमागचे संशोधन मराठीत, सोप्या पण अचूक भाषेत मांडावे. गांधीसागरसमोरच्या रमण विज्ञान केंद्रानेही रायबोसोमची फिरती प्रतिकृती ठेवण्याचा विचार करावा. शाळांच्या सहली तिथे येतच असतात. असा लेख आपण छापणार असाल, तर पारिभाषिक शब्द तपासून देण्याचे काम मी आनंदाने करीन.

आपली,
एक निवृत्त प्राध्यापिका,
धंतोली, नागपूर