सेवा कशासाठी, असं तू विचारलंस

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू सरळच विचारलंस, "तुम्ही लोक गरिबांसाठी एवढं करता, ते शेवटी धर्म वाढवायलाच ना?" तुझ्या बोलण्यात खोच नव्हती, हे मला ठाऊक आहे. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर दोन वाक्यांत उरकलं असतं. शाळेत एका बाकावर बसलेल्या दोस्तानं विचारलं, म्हणून सवडीनं लिहायला बसलो.

उत्तर आहे, नाही. आणि हे माझं एकट्याचं मत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी 2005 च्या नाताळच्या तारखेचं जे पहिलं मोठं पत्र लिहिलं, त्यात हे स्वच्छ आहे: प्रेम फुकटचं असतं, दुसरं काही साधून घेण्यासाठी ते करायचं नसतं. मदतीच्या आडून कुणावर श्रद्धा लादायची नाही. देवाबद्दल कधी बोलावं आणि कधी गप्प राहून नुसतं प्रेमालाच बोलू द्यावं, हे ख्रिस्ती माणसाला कळलं पाहिजे, असंही तिथंच म्हटलंय. कुणी याच्या उलट वागत असेल तर तो आमच्याच शिकवणीविरुद्ध वागतो, हे मी त्याच्या तोंडावर सांगेन.

पण मुळात आम्ही हे का करतो, ते बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात पंचविसाव्या अध्यायात आहे. न्यायाच्या दिवशी राजा उजवीकडच्या लोकांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं. तहानेला होतो, पाणी दिलं. परका होतो, घरात घेतलं. उघडा होतो, वस्त्र दिलं. आजारी होतो, समाचाराला आलात. तुरुंगात होतो, भेटायला आलात. ते लोक चक्रावून विचारतात, प्रभो, आम्ही तुला असं कधी पाहिलं? राजा, म्हणजे ख्रिस्तच, सांगतो, या लहानातल्या लहान माणसासाठी केलंत, ते माझ्यासाठीच केलंत. मला त्यांचं हे चक्रावणंच सगळ्यात मोलाचं वाटतं. समोर देव आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. समोर भुकेला माणूस होता, त्यांनी भाकर दिली, बस. आणि त्या निवाड्यात, किती जणांना चर्चमध्ये आणलंत, हा प्रश्न कुणी विचारलेलाच नाही.

या सहा कामांना चर्चनं पुढं सातवं जोडलं, मेलेल्याला माती देणं. बायबलमधला टोबीत परमुलखात राहून आपल्या माणसांची टाकून दिलेली प्रेतं पुरायचा, त्यावरून. ही यादी वाचली की मला लहानपणापासून गाडगेबाबा आठवतात. शेणगाव आपल्याच जिल्ह्यातलं. भुकेलेल्यांना अन्न, तहानलेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, बेघरांना आसरा, रोग्यांना औषधोपचार: बाबांची दशसूत्री आपण भिंतीवर वाचत मोठे झालो. दर रविवारी मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणारं माझं घर आणि बाबांना मानणारं तुझं घर, दोन्हीकडं कामाची यादी जवळजवळ एकच! बाबांकडं बेकारांना रोजगार, गरिबांच्या पोरापोरींची लग्नं, मुक्या जनावरांना अभय हे जास्तीचं आहे. आमच्याकडं तुरुंगातली भेट आहे आणि प्रेताला माती आहे. दोन्ही याद्या एकत्र केल्या तर आपल्याकडच्या कुठल्याही गावाला पुरून उरतील. बाबांनी देवळं बांधली नाहीत, पंढरपूर-आळंदीला धर्मशाळा बांधल्या. इकडं संत जॉन क्रिसोस्तोम चौथ्या शतकात अंत्युखिया शहरातल्या लोकांना सुनावत होता की, ख्रिस्ताच्या शरीराचा मान करायचाय ना? मग चर्चमध्ये त्याला रेशीम पांघरून बाहेर थंडीनं कुडकुडणाऱ्या उघड्या माणसाकडं पाठ फिरवू नका.

आता आमच्या इथलं काम सांगतो. आमच्या चर्चमध्ये व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचा लहानसा गट आहे. ही सोसायटी फ्रेडरिक ओझानाम नावाच्या पोरानं 1833 साली पॅरिसमध्ये मित्रांना घेऊन काढली. पोरगाच म्हणायचा, वीस वर्षांचा विद्यार्थी. त्याची पद्धत साधी: गरिबाला आपल्या दारात बोलवायचं नाही, आपण त्याच्या घरी जायचं. दोघांनी जायचं, बसायचं, आणि त्या घरातलं बाहेर बोलायचं नाही. म्हणून पुढचं मी त्या बाईला विचारून, नाव-गाव गाळून लिहितोय.

तिच्या नवऱ्यानं दोन वर्षांमागं वावरातच औषध घेतलं. पात्र ठरलं की सरकारकडून अशा कुटुंबाला 1 लाख मिळतात. पण त्याचं देणं हातउसनं आणि खासगी, त्याचा कागद नाही, म्हणून प्रकरण अपात्र झालं. आम्ही गेलो तेव्हा खोलीचा अर्धा भाग कापसानंच भरलेला. भाव चढेल म्हणून ठेवलेला. घरात कापूस साठला की अंगाला कशी खाज सुटते, तुला माहीतच आहे. तिची धाकटी पोर सारखी हात खाजवत होती. "काहून उभे हाये भाऊ, बसा न जी," म्हणत तिनं पोत्याची घडी पुढं सरकवली. मग बोलता बोलता कापसातला काडीकचरा वेचू लागली. बोंडांच्या टोकांनी बोटांची पेरं चिरलेली होती. नवऱ्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बोलली ती बैलजोडीबद्दल. "बाजारात नेताना सर्ज्या पायच उचले ना. म्या म्हटलं, जाय बापा, आता तुले चारा कोठून आनू?" तासभर तेच. कोणता बैल औताला कसा चालायचा, कोणाला पोळ्याला कोणता रंग दिला. आम्ही ऐकत होतो. कोरा चहा झाला. निघताना सोबतच्या मावशींनी धान्याची पिशवी ठेवली. ती तिनं घेतली, पण आधी आम्हाला ओंजळभर बोरं बांधून दिली.

पोप फ्रान्सिस नेहमी विचारायचे, भीक घालताना त्या माणसाच्या डोळ्यांत बघता का, त्याच्या हाताला हात लावता का, की नाणं फेकून मोकळे होता? ते पेपरात वाचणं वेगळं आणि अशा घरात बसणं वेगळं. दया म्हणजे वरून खाली काही टाकणं, ही समजूत त्या पोत्याच्या घडीवर बसल्यावर टिकत नाही. तिथं देणारी तीही होती. म्हणूनच फ्रान्सिस म्हणायचे की त्यांना गरिबांसाठीचं आणि स्वतःही गरीब असलेलं चर्च हवंय. 2016 साली त्यांनी नोव्हेंबरातला एक रविवार जगभर गरिबांसाठी राखून ठेवला. मला मात्र त्याहून ते दर वेळी विचारायचे तो साधा प्रश्नच जास्त पुढं नेतो.

तू म्हणशील, पिशवीभर धान्यानं काय होतं? कापसाला भाव नाही, सावकार सुटला नाही, आणि तुम्ही बोरं खाऊन आलात. खरंय, आणि चर्चही हेच म्हणतं. आताचे पोप लिओ चौदावे वर्षानुवर्षं पेरू देशात मिशनरी होते. फ्रान्सिस यांनी हाती घेतलेलं गरिबांवरचं पत्र त्यांनी ऑक्टोबर 2025 मध्ये पुरं केलं. त्यात दान सोडू नका असं आहे, तसंच अन्यायाची घडी मोडायला हवी हेही आहे. म्हणून आमच्या गटातला एक जण तिच्या फाइलच्या मागं लागलाय, अपिलाचा अर्ज लिहून झालाय. तिला विधवा निवृत्तिवेतन मिळावं म्हणून तलाठ्याचा दाखलाही काढलाय. ही कागदपत्रं मला प्रार्थनेइतकीच पवित्र वाटतात.

आता तुझ्याकडं एक काम आहे. तिचा थोरला बारावीला आहे, इलेक्ट्रिकची वायरिंग आत्ताच हातानं शिकलाय. पुढं नागपूरला आयटीआय करायचं म्हणतो. तिथं सरकारी वसतिगृहाचे अर्ज कधी निघतात, कागद कोणते लागतात आणि जागा मिळाली नाही तर स्वस्तात खोली कुठं मिळेल, एवढं आठ दिवसांत विचारून कळव. जातीचा दाखला निघालाय, उत्पन्नाचा नव्यानं काढावा लागेल, तो आम्ही इकडून बघतो. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
बाकावरचा सोबती