पाट्या मोजायच्या आधी

मँचेस्टर, १२ ऑक्टोबर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या भाषांवर तू दुकानांच्या पाट्या बघून प्रोजेक्ट करणार, असं ताई म्हणाली. तुझे प्रश्नही तिने फोनवर वाचून दाखवले. इथल्या विद्यापीठातली मुलं हे काम कसं करतात ते लिहूनच पाठवते, कारण फोनवर सांगितलेलं निम्मं हवेत जातं.

मँचेस्टर विद्यापीठात २०१० मध्ये ‘मल्टिलिंग्वल मँचेस्टर’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्यात पदवीची मुलं गटागटाने शहरातल्या एखाद्या भागात किंवा एखाद्या भाषकसमूहात जाऊन पाहणी करत आणि अहवाल लिहीत. ‘लिंग्वास्नॅप’ नावाचं ॲपही तिथूनच निघालं. पाटीचा फोटो काढायचा, भाषा आणि लिपी नोंदवायची, म्हणजे ती पाटी नकाशावर दिसते. अशा पाहणीला सगळ्यांत सोयीचा रस्ता म्हणजे विल्मस्लो रोडचा रशोम या वस्तीतला तुकडा, लोक त्याला ‘करी माइल’ म्हणतात. नावात मैल असला तरी प्रत्यक्षात जेमतेम अर्धा मैल भरेल. पूर्वी इथे पाकिस्तानी आणि बांगलादेशी खाणावळींचं राज्य होतं. आता मधे मधे अरबी, कुर्दी, अफगाणी दुकानं आणि हुक्क्याची कॅफे आली आहेत, त्यामुळे एकाच भिंतीवर चार भाषा सापडतात.

तुझा पहिला प्रश्न होता, किती पाट्या घ्यायच्या. त्याआधी ‘एक पाटी’ कशाला म्हणायचं ते ठरव. मुलांचं इथेच सगळ्यांत जास्त घसरतं. दुकानावर मोठा फलक, दारावर वेळापत्रक, काचेवर आठ स्टिकर, आत दिसणारा मेनू: ही पाटी एक की अकरा? टोकियोतल्या पाट्यांची पाहणी करणाऱ्या पीटर बाकहाउस यांनी साधा नियम घेतला होता. स्वतंत्र चौकटीत बसणारा लिखित मजकूर म्हणजे एक पाटी, मग ती हातभर असो की बोटभर. त्या नियमाने त्यांच्याकडे ११,८३४ पाट्या जमल्या आणि त्यांतल्या २,४४४ बहुभाषिक निघाल्या. नियम ‘एक दुकान म्हणजे एक नोंद’ असा असता, तर आकडा आणि टक्केवारी दोन्ही बदलले असते. तू कुठलाही नियम घे, पण पहिल्या दिवशी घे आणि वहीच्या पहिल्या पानावर लिही. गटातल्या दोघी स्टिकर मोजतायत आणि दोघी नाही, हे शेवटच्या आठवड्यात कळलं तर सगळा रस्ता पुन्हा चालावा लागतो.

चार जणींच्या गटाला चारशे मीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंनी, पुरे आहे. सगळं शहर घ्यायला जाऊ नकोस. दोघींनी डावी बाजू घ्यावी, दोघींनी उजवी. प्रत्येक जोडीत एक फोटो काढेल, दुसरी लगेच क्रमांक लिहील. क्रमांकात बाजू, दुकान आणि पाटी हे तिन्ही यावं. ‘डा-१४-०३’ म्हणजे डाव्या बाजूचं चौदावं दुकान, तिसरी पाटी. काचेवरच्या पाटीसमोर सरळ उभं राहिलं तर फोटोत आपणच दिसतो, म्हणून जरा तिरकं उभं राहायचं. सकाळी शटर खाली असतात आणि शटरमागचं काहीच दिसत नाही. इथे खाणावळी दुपारी उघडतात आणि डिसेंबरात चारच्या आत सूर्य मावळतो, म्हणून मुलं हे काम ऑक्टोबरातच उरकतात. तुझ्याकडे उजेडाची अडचण नाही, पण दुकानं किती वाजता उघडतात ते आधी एक चक्कर मारून बघून ये.

एक फार महाग पडणारी चूक सांगते. फोटो व्हॉट्सॲपवरून एकमेकींना पाठवू नका. तिथे फोटो लहान होतो आणि त्यात नोंदलेलं ठिकाण पुसलं जातं. मग बारीक अक्षरही वाचता येत नाही आणि पाटी कुठली होती तेही कळत नाही. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा आणि मूळ फाइल केबलने किंवा ड्राइव्हवर चढवा, त्याच संध्याकाळी.

आता भाषा ओळखणं. इथे मुलं अरबी लिपी दिसली की ‘अरबी’ लिहून मोकळी होतात. रशोममध्ये त्या एका लिपीत अरबी, उर्दू, फारसी, सोरानी कुर्दी आणि पश्तो एवढ्या भाषा असू शकतात. भाषा येत नसली तरी ओळखायच्या खुणा आहेत. अरबीत मुळात प, च, ग नाहीत, म्हणून पेप्सीचं तिथे ‘बिबसी’ होतं. खाली तीन टिंबांचा प दिसला की ती बहुधा अरबी नव्हे. ट, ड, ड़ यांच्या डोक्यावर ‘तोय’ (ط) हे अक्षर इवलंसं होऊन बसलेलं दिसलं की बहुधा उर्दू. त्याच अक्षरांच्या खाली बारीक वाटोळं गोल लटकत असेल तर पश्तो. आणि र किंवा ल या अक्षरांना चिमणीच्या चोचीसारखी खूण जोडलेली असेल तर सोरानी. मुलं या खुणांचा एक कागद प्लॅस्टिकात घालून बरोबर ठेवतात. चायनाटाउनमध्ये आणखी वेगळा पेच आहे. हाँगकाँगकडच्या जुन्या दुकानांवर पारंपरिक चिनी अक्षरं, मुख्य भूमीतून आलेल्यांच्या नव्या दुकानांवर सोपी केलेली. दोन्हींना नुसतं ‘चिनी’ म्हटलं तर कोण आधी आलं आणि कोण मागून, ही गोष्टच हातातून जाते.

तुला तेलुगू आणि कन्नड यांत असाच गोंधळ होईल. तेलुगू अक्षराच्या डोक्यावर बरोबरच्या खुणेसारखं तिरकं टोक असतं, कन्नडच्या डोक्यावर आडवी, टोकाला वळलेली रेघ. आणि देवनागरी दिसली म्हणजे मराठी असं धरू नकोस, हिंदीही आहे. ‘ळ’ दिसला तर प्रश्न सुटतो, पण नुसतं ‘श्री गणेश वस्त्र भांडार’ असेल तर? इथे हाच प्रश्न ‘हलाल’ या शब्दाने येतो. खाटकाच्या काचेवर अरबी लिपीत तेवढा एकच शब्द असतो, आणि तो अरबी, उर्दू, फारसी तिन्हींत तसाच लिहितात. तो कुठल्या भाषेत मोजणार? अरबीत टाकला तर अरबी उगाच फुगते. माझं मत, अशा पाट्यांसाठी ‘लिपी कळते, भाषा ठरत नाही’ असा वेगळा रकाना करावा आणि तो रिकामा राहील अशी आशा धरू नये. रोमन अक्षरांत लिहिलेली पंजाबी किंवा फारसी नावंही त्यातच.

तक्त्यात रकाने असे ठेव: क्रमांक, दुकानाचा प्रकार, लिपी, भाषा, कुठली भाषा वर आणि कुठली मोठ्या अक्षरांत, दोन्ही भाषांत मजकूर तोच आहे की वेगळा, छापील की हाताने लिहिलेली, सरकारी की खासगी. मजकुराच्या रकान्याने बरंच उलगडतं. विल्मस्लो रोडवर ‘ओपन’ इंग्रजीत असतं आणि ‘कामाला माणूस हवा’ किंवा ‘उधार मिळणार नाही’ कधी कधी फक्त उर्दूत. म्हणजे गिऱ्हाइकाशी एक भाषा, आपल्या माणसांशी दुसरी. नुसती भाषा मोजली असती तर हे दिसलंच नसतं.

मग पडताळणी. दोघींनी एकमेकींचं न बघता त्याच ५० पाट्यांवर भाषेची नोंद करायची. समजा ‘फक्त मराठी’ आणि ‘दुसरी भाषाही आहे’ असे दोनच गट आहेत, दोघींनी ४०-४० पाट्या पहिल्या गटात टाकल्या आणि ४६ ठिकाणी एकमत झालं. ९२ टक्के ऐकायला छान वाटतं. पण पाट्याच बहुतेक एका प्रकारच्या असल्या की डोळे मिटूनही बरंच जुळतं. योगायोगाने जुळण्याचं प्रमाण इथे ०.८ गुणिले ०.८ अधिक ०.२ गुणिले ०.२, म्हणजे ०.६८. ते वजा करून काढलेल्या आकड्याला कापा म्हणतात: ०.९२ वजा ०.६८ म्हणजे ०.२४, त्याला १ वजा ०.६८ म्हणजे ०.३२ ने भागायचं, येतात ०.७५. एवढा चालेल. ०.६ च्या खाली आला तर मुलींना दोष देऊ नका, नियम पुन्हा लिहा. बहुतेक वेळा नियमच मोघम असतो.

पाट्या झाल्या की माणसं. इथे कुणाशीही बोलायच्या आधी विद्यापीठाच्या एथिक्स समितीची, म्हणजे संशोधनात माणसांशी नीट वागलं जातं ना हे बघणाऱ्या समितीची, मंजुरी लागते आणि तिला आठवडे लागतात. ज्यांना हे नोव्हेंबरात आठवतं ती मुलं फक्त पाट्यांवर प्रोजेक्ट संपवतात. माहितीपत्रक दिलं की काम झालं असं नसतं. सिल्हेटी, म्हणजे बांगलादेशातल्या सिल्हेटकडची भाषा, बोलणाऱ्या आजीबाईंना बंगाली वाचता येईलच असं नाही, म्हणून ते मोठ्याने वाचून दाखवायचं. सही मागितली की लोक बिचकतात, कौन्सिलची (म्हणजे इथल्या नगरपालिकेची) किंवा इमिग्रेशनची माणसं आली असं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे तोंडी संमती रेकॉर्ड करायची, तसं समितीला आधी कळवून. आणि घरातल्या शाळकरी मुलाला दुभाषा करू नका. तो आईचं उत्तर स्वतःला बरं दिसेल असं करून सांगतो.

‘तुमची भाषा कोणती?’ हा प्रश्न सरळ वाटतो आणि सगळ्यांत जास्त फसवतो. २०२१ च्या इंग्लंडच्या जनगणनेत ‘मुख्य भाषा कोणती’ असंच विचारलं होतं, उत्तर एकच द्यायचं. घरात दोन-तीन भाषा वापरणाऱ्याने काय लिहावं? त्यातून पाकव्याप्त काश्मीरमधल्या मीरपूरकडचे कित्येक लोक घरी पहाडी बोलतात आणि कागदावर उर्दू लिहितात, कारण लिहायची आणि मानाची भाषा उर्दू. सिल्हेटवाले बंगाली लिहितात. आपल्याकडे खानदेशातला माणूस घरी अहिराणी बोलून ‘मराठी’ सांगतो, तसंच. म्हणून भाषेचं नाव विचारू नकोस, माणसं विचार. आईशी कुठली? नवऱ्याशी? मुलांना रागावताना? पैसे मोजताना? देवासमोर? डॉक्टरकडे? मुलं आजीला कुठल्या भाषेत उत्तर देतात? ही यादी पंधरा मिनिटांत भरते, आणि भाषा कुठल्या पिढीत गळायला लागली ते तिच्यातून आपोआप दिसतं. दुकानदाराकडे गिऱ्हाईक नसेल तेव्हा जा. इथे शुक्रवारची दुपार नमाजाची, ती टाळतात. तुझ्याकडे बाजाराचा वार टाळ.

आणि पाट्यांवरून माणसांची संख्या काढू नकोस, हे माझं सगळ्यांत कळकळीचं सांगणं. पाटी ज्याची दुकानदारी आहे त्याची असते. मराठी माणूस इथे नोकरीला येतो, दुकान थाटत नाही. त्यामुळे अख्खा विल्मस्लो रोड चाललीस तरी मराठी पाटी दिसणार नाही. म्हणून मराठी नाही असं थोडंच? लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे. मराठी इथे भाड्याच्या हॉलमधल्या गणपतीत, व्हॉट्सॲपच्या गटांत आणि शनिवार-रविवारच्या वर्गांत सापडते. त्या वर्गांचीही गंमत बघ. उर्दू, बंगाली, गुजराती, पंजाबी यांची जीसीएसई, म्हणजे इथली दहावीसारखी परीक्षा, देता येते, मराठीची नाही. मूल अकरा-बारा वर्षांचं झालं की पालकांना ‘मार्कांत धरतात का?’ हा प्रश्न पडतो, आणि ज्या भाषेचं उत्तर ‘नाही’ असतं तिचे बाक आधी रिकामे होतात. अशा वर्गांत विद्यापीठातली मुलं मदतनीस म्हणून जातात. नुसतं निरीक्षण करत कोपऱ्यात बसणाऱ्याला कुणी विचारत नाही. खुर्च्या लावणाऱ्याला, वाचन घेणाऱ्याला चौथ्या आठवड्यात सगळं कळतं.

तुझ्याकडे एक गोष्ट इथल्यापेक्षा अगदी वेगळी आहे, ती विसरू नकोस. इंग्लंडात दुकानदाराने कुठल्या भाषेत पाटी लावावी यावर कायदा नाही. महाराष्ट्रात २०२२ च्या दुरुस्तीनंतर लहान दुकानांनाही मराठी देवनागरी पाटी बंधनकारक झाली, आणि मराठी अक्षरं दुसऱ्या लिपीपेक्षा लहान चालत नाहीत. तेव्हा पूर्व भागात मुख्य फलकावर मराठी मोठी दिसली, तर ती कायद्याने दिसते. तेलुगू शोधायची असेल तर आत बघ: लग्नाच्या पत्रिका, देवळातल्या देणगीदारांच्या याद्या, समाजाच्या सभेची नोटीस, दिनदर्शिका. मुख्य फलक आणि आतली पाटी यांचे दोन वेगळे तक्ते कर.

अहवाल झाला की ज्यांनी वेळ दिला त्यांना दोन पानांचा सारांश त्यांच्या भाषेत नेऊन दे. नाहीतर पुढच्या वर्षीच्या मुलींना त्या गल्लीत चहा मिळणार नाही.

आधी फक्त वीस पाट्यांचे फोटो आणि त्यांचा तक्ता मला ईमेलने पाठव. ते बघून कळवते, मगच पुढचा रस्ता धर.

ताईला आणि भावजींना नमस्कार.

तुझी,
मावशी

ता. क. शेंगाचटणी एवढ्यात पाठवू नका म्हणावं, आधीची शिल्लक आहे.