आई-बाबा, या दिवाळीला तुम्हीच इकडे या

ती. आई-बाबा,
सा. न.

परवा फोनवर आई म्हणाली, "कुत्रीच्या गोळ्या बऱ्या घड्याळ लावून आठवतात तुला. आईला फोन करायचं तेवढं ध्यानात राहत नाही." मी हसले, तूही हसलीस. पण फोन ठेवल्यावर ते मनातून जाईना, म्हणून लिहून राहिली आहे. फोनवर तसंही बाबा पाच मिनिटांत "बरं, ठेव आता, बिल येते" म्हणतात. बिल येणं बंद होऊन किती वर्षं झाली, बाबा!

मुद्द्याचं आधी सांगते. ही कुत्री, बुधी, आता माझ्याकडेच राहणार आहे. आणि या दिवाळीला मी वर्ध्याला येत नाही. दोन्ही ठरलं आहे. रागवायचं तर शेवटपर्यंत वाचून रागवा.

मे महिन्यात मी "पंधरा दिवसांसाठी ठेवते" म्हणाले होते, ते खोटं नव्हतं. फोस्टर म्हणजे तेच, कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायचं. फोटो टाकले, फोनही आले. पण सगळ्यांना पिल्लू हवं. एकाने विचारलं, "राखण करते का?" दहा-अकरा वर्षांची लॅब्रेडॉर, मागचे पाय धरलेले. मी म्हटलं, नाही हो, झोपून राहते. त्यांनी पुन्हा फोन केला नाही.

आई, तू विचारलं होतंस की लोक असं सोडून जातात तरी कसे. मला नाही माहीत. घर रिकामं झालं आणि ही जिन्याखाली साखळीला तशीच राहिली. शेजारच्या बाई गेटवरून पोळी टाकायच्या म्हणून जगली. नागपूरचा मे, आणि पाण्याचं घमेलं कोरडं. वजन भरलं साडेसतरा किलो, या जातीच्या मादीचं पंचवीस-तीसच्या घरात असतं. नखं वाढून, वळून पंजाच्या गादीत रुतली होती. उघड्या फरशीवर पडून पडून कोपरांना घट्टे पडले होते, तुझ्या घोट्याला पाटावर बसून पडलेत तसे. कानात गोचीड. किती, ते लिहीत नाही, तू जेवणार नाहीस.

सेमिनरी हिल्सला व्हेटर्नरी कॉलेजच्या दवाखान्यात नेलं. गोचीडताप निघाला, प्लेटलेट घसरलेल्या. डॉक्सिसायक्लिन २८ दिवस, घड्याळ लावून गोळ्या द्यायची सवय तेव्हापासूनची. डॉक्टरांनी बजावलं होतं की पोटभर खायला घालू नका, फार दिवस उपाशी असलेल्या जिवाला एकदम अन्न मिळालं तर रक्तातले क्षार ढळतात, त्यात जीवही जातो. म्हणून दिवसातून पाच वेळा मूठमूठ. आई, तुला हे जमलं नसतं. तू पहिल्याच दिवशी भातावर तूप घातलं असतंस.

आणि ती खायची कशी! दाराकडे तोंड करून, घास तोंडात धरून, न चावता माझ्याकडे बघत. मी वाडगं ठेवून तिच्याकडे पाठ करून बसले की मगच चपचप आवाज यायचा. तीन आठवडे मी रोज भिंतीकडे तोंड करून बसत होते. मग एका संध्याकाळी पाठीला काहीतरी ओलं, गार लागलं. नाक होतं. मी हलले नाही. हलले असते तर रडले असते.

एक कबुली द्यायची आहे. महालक्ष्म्यांना आले नाही ते ऑफिसमुळे नव्हे. त्या आठवड्यात तिची गर्भपिशवी काढली. ऑपरेशन न झालेल्या म्हाताऱ्या माद्यांना आत पू होतो, तिला झालाच होता. तुला सांगितलं असतं तर तू काही बोलली नसतीस, पण "हो का" म्हणाली असतीस. ते "हो का" नको होतं, म्हणून ऑफिसचं नाव पुढे केलं. चुकलं माझं.

बाबा, आता तुम्ही चष्मा काढून पुसत असाल. आर्वीचं मी काढत नाही. घर हलवताना ट्रकमध्ये आपल्या मोती कुत्र्याला जागा नव्हती हे मला सातव्या वर्षीही दिसत होतं. आणि पुढच्या रविवारी तुम्ही एकटेच आर्वीला जाऊन, रिकाम्या हाताने परत आला होतात, हे आईने मला फार उशिरा सांगितलं. हे सगळं मी मोतीसाठी करत नाही. म्हणजे, थोडंसं असेलही. पण तुम्ही लावून घ्यायचं काही नाही.

खर्चाचं विचारालच. सोफा घ्यायचा होता तो घेतला नाही, त्यात भागलं. तसंही सतरंजीवर बसायला मला आवडतं.

तिला घेऊन वर्ध्याला का येत नाही? गाडीत उलट्या करते, टाके नुकते भरलेत, आणि आपल्या गल्लीत लक्ष्मीपूजनाला काय धुमाकूळ असतो ते तुम्हीच बघा. नवं घर आणि वर फटाके, तिचं सगळं मागे जाईल. इथे मधली खोली बंद करून, कूलरचा पंखा लावून बसता येतं, आवाज कमी येतो. म्हणून तुम्ही या. लक्ष्मीपूजन घर सोडून करत नाहीत, माहीत आहे. मग वसुबारसेलाच लक्ष्मीच्या फोटोसकट या. माझं घरही तुमचंच आहे ना?

सोय सगळी केली आहे. बाल्कनीकडची खोली तुमची, सकाळी ऊन येतं. पलंग उंच करून घेतला. बाथरूममध्ये धरायला दांडी बसवली, आई, ती तुझ्यासाठी. फरशीवर रबरी चटया टाकल्यात, त्या बुधीसाठी, तिचे पाय घसरतात. पण तुझ्या गुडघ्यांनाही बऱ्या. देवघर स्वयंपाकघरात आहे आणि दाराला गुडघाभर उंचीचं फाटक लावलंय, ती ओलांडून येत नाही. केस गळतात, ते नाकारत नाही. दोनदा झाडते. बाबांना पेपर लावून ठेवते. आंबिया बहाराची संत्री आली आहेत, बाबांना आंबटच लागतील, पण आली आहेत.

बाबा, तिच्या डोळ्यांवर निळसर झाक आहे. मला वाटलं, तुमच्यासारखा मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, नाही, वयाने भिंग कडक होतं, दिसतं बऱ्यापैकी. तरी तुम्ही तिच्या उजव्या बाजूने जा, डावीकडून कोणी आलं की दचकते.

आता नीट ऐका. आई, जाळेजळमटं काढायला स्टुलावर चढायचं नाही. कामाच्या बाईंना सांग, पैसे मी देते. चकल्या एक किलोच्या वर करायच्या नाहीत. बीपीची गोळी "आज बरं वाटते" म्हणून सोडायची नाही. बाबांनी अंधार पडल्यावर स्कूटर काढायची नाही. येताना रिपोर्टांची फाईल, दोन्ही चष्मे आणि माझी निळ्या काठाची गोधडी आणा. गोधडी मला हवी आहे, कुत्रीला नाही देणार. आणि बाबा, ज्याचं दुखेल त्याला स्वतःची अर्धी गोळी द्यायची सवय इथे चालणार नाही. पॅरासिटामोल, ब्रुफेन कुत्र्याच्या जिवावर बेततं. आई, शिऱ्यातले बेदाणे, कांदा, चॉकलेट, काही म्हणजे काही नाही. ती तोंडाकडे बघत बसेल. बघू दे.

नाव बदललंय. आमचा चौकीदार तिला "बुढी" म्हणायचा, तू म्हणालीस घरात म्हातारी माणसं असताना कुत्रीला बुढी काय म्हणता. बुधवारी आली म्हणून बुधी. वजन आता चोवीस. मागच्या आठवड्यात भंगारवाल्यावर पहिल्यांदा भुंकली आणि स्वतःच घाबरून माझ्या मागे लपली.

गोळीची वेळ रात्री नऊची आहे. आठचा गजर वेगळा लावलाय, तो तुमच्या फोनचा. कालही वाजला, कालही केला, आई, बघ.

रिक्षा करू नका. स्टेशनवर मी येते, एकटीच.

तुमची,
ठकी